युकेला जाणाऱ्या सिस्टर लोकांसाठी: ‘तिकडचं वागणं-बोलणं’ शिकवणाऱ्या क्लासचा रिव्ह्यू

आधी सरळ सांगते, हा क्लास करावा का तर हो, करावा, पण मॅडमची शनिवारची बॅच मिळत असेल तरच. लई जणींचे मेसेज येयलेत की ओईटी (इंग्रजीची परीक्षा) झालं, सीबीटी (नर्सिंगची कॉम्प्युटरवरची परीक्षा) झाली, एजंटचे पैसे भरून झाले, आता ह्या क्लासला परत पैसे कशाला, म्हणून म्हणलं एकदाच नीट लिहून टाकावं.

हा इंग्रजीचा क्लास नाही. ग्रामर, स्पेलिंग, बँड स्कोअर असलं काही नाही इथं. ब्रिटनमधे गेल्यावर वॉर्डात, लिफ्टमधे, बस स्टॉपवर, शेजाऱ्याच्या दारात माणसं जी तोलूनमापून बोलतात, मनातलं मनातच ठेवतात आणि अडचणीची वेळ आली की मधेच काहीतरी चेष्टेचं बोलून मोकळी होतात, ते ओळखायचं कसं आणि आपण त्यावर काय बोलायचं, एवढंच शिकवतात. छत्रपती संभाजीनगरला, दीड महिना, एक बॅच शनिवारची, एक रविवारची. फी साडेसहा हजार, दोन हप्त्यांत घेतात. जालन्याच्या, बीडच्या मुली एसटीनं येतात, परभणीच्या मराठवाडा एक्सप्रेसनं, त्यामुळं सकाळची वेळ जरा उशिराची ठेवलीय, ते बरं केलंय.

मॅडम मूळच्या अंबाजोगाईच्या. ब्रिटनमधल्या सरकारी दवाखान्यात मेडिसिन वॉर्डला बरीच वर्षं नोकरी करून परत आल्यात. बोलणं आपल्यासारखंच, ‘अगं ऐक की जरा’ असं, आणि हाच ह्या क्लासचा सगळ्यात मोठा प्लस पॉइंट आहे, कारण त्यांना दोन्हीकडचं माहितीय. आपण कुठं अडखळणार हे त्यांना आधीच कळतं.

पहिल्याच तासाला त्यांनी जे सांगितलं त्याच्यावर पुढचा सगळा क्लास उभा आहे. तिकडची माणसं थंड नाहीत, गर्विष्ठ तर अजिबात नाहीत, त्यांची रीत एवढीच की समोरच्याला ‘नाही’ म्हणायची पाळी येऊ द्यायची नाही. आपण कुणाला अडचणीत टाकायचं नाही आणि चुकून टाकलंच तर त्याला बाहेर पडायला वाट ठेवायची, गप्प बसणं ही एक वाट आणि हसण्यावारी नेणं ही दुसरी. मला हे लई पटलं. मी आजवर इंटरनेटवर जे वाचलं होतं ते सगळं ‘ब्रिटिश लोक बोलत नाहीत, जपून राहा’ ह्या टाइपचं होतं, आणि त्यानं भीती बसती, समजत काहीच नाही.

आता आपल्याकडं बघा. नवीन माणूस भेटला की पाच मिनिटांत गाव कोणतं, पाहुणे कोण, लग्न झालं का, लेकरं किती, पगार किती, सगळं निघतं, आणि ह्यात वाईट काही नाही. घाटीत, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात, रात्रपाळीला मी रोज बघत आले, कळंबची मावशी आणि सिल्लोडचा दादा शेजारशेजारच्या बेडपाशी बसलेले असतात, आधी एकमेकांचं गाव निघतं, मग कुणीतरी ओळखीचं निघतं, आणि मग डब्यातली भाकरी इकडून तिकडं जाती, रात्री एकमेकांच्या पेशंटवर लक्ष पण ठेवतात. विचारणं म्हणजेच आपली माया. तेच तिकडं न विचारणं म्हणजे माया. मॅडमनी कोणतं चांगलं कोणतं वाईट असं कधीच केलं नाही आणि मला वाटतं म्हणूनच बॅचमधल्या मुली त्यांच्यापुढं मोकळेपणानं बोलल्या.

माझी एक मैत्रीण ह्याच्या आधीच्या बॅचला होती, पण घरच्या लग्नामुळं तिचे बरेच तास बुडले. आता ती यॉर्कशायरला आहे. गेल्यावर थोड्याच दिवसांत तिनं वॉर्डातल्या एका हेल्थकेअर असिस्टंट बाईला अगदी मायेनं विचारलं की तुमच्या लग्नाला एवढी वर्षं झाली, मग लेकरंबाळं? त्या बाईनं खिडकीकडं बघितलं आणि म्हणली, उघडायला लागलंय नाही का आभाळ. मैत्रिणीला वाटलं छान गप्पा चालल्यात, तिनं तोच प्रश्न परत विचारला. बाई हसली आणि चहा करायला निघून गेली. कुणी रागावलं नाही, कुणी तिला बाजूला घेऊन सांगितलं नाही, फक्त त्या बाईचं तिच्याशी बोलणं हळूहळू कामापुरतं झालं. ही गोष्ट मी मॅडमच्या कानावर घातली, तर त्यांनी पुढचा अख्खा तास ह्याच्यावरच घेतला: विषय बदलला म्हणजे दार लोटलंय, कडी वाजवायची नाही. आणि समोरची बाई आपणहून कधी ना कधी सांगती, पण ते तिच्या वेळेनं, बहुतेक दोघी मिळून काहीतरी काम करत असताना, एकमेकींच्या तोंडाकडं न बघता.

हवामानाचं पण तसंच. ब्रिटन हे बेट, अटलांटिकवरून एकामागून एक ढग येतात, एकाच दिवसात ऊन, पाऊस, गार वारा सगळं होतं, त्यामुळं बोलायला विषय रोज ताजा असतो आणि त्यात कुणाच्या घरात डोकवावं लागत नाही. मॅडम म्हणल्या, तिथं हवामानावर वाद घालायचा नसतो, कुणी म्हणलं आज गार पडलंय तर ‘हो ना’ म्हणायचं, ‘कुठं, मला तर नाही वाटत’ असं नाही. आपल्याला हे अवघड जातं. आपल्याकडं आभाळ आलं म्हणलं की पेरणी, सोयाबीन, पीकविमा, जायकवाडीत किती टक्के साठा, सगळं निघतं. २०१६ च्या एप्रिलमधे मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं होतं, आमच्या बॅचमधली लातूरची मुलगी तेव्हा शाळेत होती, तिला पावसावर नुसतं ‘हो ना’ म्हणून थांबताच येत नव्हतं. मॅडमनी तिला थांबवलं नाही, पूर्ण बोलू दिलं, मग म्हणल्या, हे सगळं तिकडं पण सांगशील तू, पण बस स्टॉपवर नको, चार महिन्यांनी चहा पिताना सांग, तेव्हा ते लोक कान देऊन ऐकतील.

चहाचा रोल प्ले लई कामाचा आहे, तो चुकवू नका. आपण पाहुण्याच्या घरी दोनदा-तीनदा नको म्हणतो आणि समोरचा ‘घ्या की थोडा’ म्हणत राहतो, तिकडं एकदा नो थँक्स म्हणलं की विषय संपला, मग तुम्ही बसा तहानलेले. तसंच स्वतःपुरता चहा करून आणायचा नाही, उठलात तर खोलीतल्या सगळ्यांना विचारायचं, कुणाला दूध किती, साखर किती हे ध्यानात ठेवायचं. मैत्रीण म्हणती, वॉर्डात तिची ओळख खऱ्या अर्थानं ह्या चहानंच झाली. आणि एखादी सिस्टर सामान धुवायच्या खोलीत एकटी डोळे पुसत असली तर जाऊन गळ्यात पडायचं नाही, ‘काय झालं सांग ना’ पण म्हणायचं नाही, चहाचा कप नेऊन द्यायचा आणि तिथंच बाजूला उभं राहून काहीतरी आवरत बसायचं. बोलायचं असलं तर ती बोलती.

रांगेचा तास मात्र मला जास्तच लांबवल्यासारखा वाटला. रांग मोडू नका हे एका वाक्यात होतं, आपण सेंट्रल बस स्टँडला खिडकीतून रुमाल टाकून सीट धरणारी माणसं असलो तरी एवढं कळतं. पण त्यात एक गोष्ट चांगली होती. सप्टेंबर २०२२ मधे राणी एलिझाबेथ गेल्या, तेव्हा वेस्टमिन्स्टर हॉलमधे दर्शनासाठी रांग लागली होती, ती जास्तीत जास्त दहा मैलांपर्यंत गेली, म्हणजे साधारण सोळा किलोमीटर, अडीच लाखाच्या आसपास लोक येऊन गेले, काही जण रात्रभर उभे होते. मनगटाला नंबरचा पट्टा बांधत होते, म्हणजे बाथरूमला जाऊन परत आपल्या जागेवर येता येईल. आणि एरवी ट्रेनमधे शेजारच्याकडं मान वर करून न बघणारे हेच लोक त्या रांगेत अनोळखी माणसाला बिस्किटं देत होते, रात्रभर गप्पा मारत होते. मॅडमचं म्हणणं असं की सगळ्यांची अडचण एकच असली की त्यांचा संकोच गळून पडतो, ट्रेन लेट झाली, लिफ्ट बंद पडली, बर्फ पडला की बघा, तोंडं उघडतात. तुमची ओळख व्हायची तर अशाच वेळी होईल, तेव्हा मोबाईलमधे डोकं घालून बसू नका. हे मी लिहून ठेवलंय.

आता ज्याच्यासाठी मी हा रिव्ह्यू लिहायलेय तो भाग. मोठी गोष्ट लहान करून सांगायची त्यांची सवय.

मॅडमनी दोन खऱ्या घटना सांगितल्या. पहिली २४ जून १९८२ ची. ब्रिटिश एअरवेजचं विमान, फ्लाइट ९, क्वालालंपूरहून पर्थला निघालेलं, रात्रीची वेळ, इंडोनेशियाच्या जावा बेटाजवळ गालुंगुंग ज्वालामुखीच्या राखेत घुसलं आणि चारच्या चार इंजिनं बंद पडली. आत प्रवासी आणि स्टाफ मिळून २६३ माणसं. कॅप्टन एरिक मूडी यांनी माईकवर काय सांगितलं तर, एक छोटासा प्रॉब्लेम झालाय, चारही इंजिनं बंद पडलीत, ती सुरू करायचा आम्ही जिवापाड प्रयत्न करतोय, तुम्हाला फार त्रास होत नसेल अशी आशा आहे. छोटासा प्रॉब्लेम! विमान तरंगत खाली आलं, राखेच्या बाहेर पडल्यावर इंजिनं परत सुरू झाली आणि ते जकार्ताला सुखरूप उतरलं. ऐकताना आमच्या सगळ्या बॅचला काटा आला आणि हसू पण आलं. एकही शब्द खोटा नाही, काही लपवलेलं नाही, पण बोलण्याचा सूर असा की लोकांचा धीर सुटू नये. ते वाक्य नुसतं गमतीचं नाही, त्यात २६३ जणांची काळजी आहे.

दुसरी घटना एप्रिल १९५१ ची, कोरियाच्या लढाईतली. इमजिन नदीवर ब्रिटिशांची ग्लॉस्टरशायर रेजिमेंटची बटालियन चिनी फौजेच्या वेढ्यात सापडली होती, समोर त्यांच्या कितीतरी पट माणसं. ब्रिगेडियर टॉम ब्रॉडी यांनी वरच्या अमेरिकन जनरलला वायरलेसवर सांगितलं की परिस्थिती जरा अवघड झालीय. एखाद्या ब्रिटिश अधिकाऱ्याला ह्याचा अर्थ लगेच कळला असता की आता सगळं संपत आलंय. अमेरिकन जनरलला वाटलं थोडी अडचण आहे, पण धरून आहेत. वेळेवर मदत पोचली नाही, माघारीचा हुकूम उशिरा आला, बटालियनमधले मोजकेच लोक निसटले, बाकीचे मारले गेले नाहीतर कैद झाले.

बोलायची सवय एकच. एका ठिकाणी तिनं माणसं सावरली, दुसऱ्या ठिकाणी माणसं गेली. फरक कशाचा, तर ऐकणाऱ्याला ती भाषा कळती का नाही ह्याचा. मॅडम फळ्यापाशी उभ्या राहून म्हणल्या, वॉर्डात तुम्ही त्या अमेरिकन जनरलच्या जागी असणार.

हे ऐकल्यावर मला सगळ्या क्लासचं मोल कळलं. आपल्याकडं पेशंटला दुखायलं तर तो सांगतो, त्याची बायको सांगती, भाऊ सांगतो, नर्सिंग स्टेशनपर्यंत चार माणसं पळत येतात. तिकडं ऐंशी वर्षांचे आजोबा एकटे पडून असतात, भेटायची वेळ संपलेली, आणि छातीत कळ आली तरी म्हणतात, थोडं अस्वस्थ वाटतंय, तुम्हाला उगीच त्रास नको, तुम्ही कामात आहात. हे नुसतं वॉर्डापुरतं नाही. डॉक्टरचा वेळ वाया जाईल म्हणून लोक दुखणं अंगावर काढतात, ही तिथली एवढी ओळखीची अडचण आहे की इंग्लंडमधे सरकारनं ‘बी क्लिअर ऑन कॅन्सर’ नावाची मोहीम चालवली, २०१२ मधे टीव्हीवर सांगत होते की तीन आठवडे खोकला राहिला तर डॉक्टरला सांगा, तुम्ही कुणाचा वेळ वाया घालवत नाही. विचार करा, लोकांना ‘तुमचा त्रास होत नाही आम्हाला’ हे सरकारला सांगावं लागतं.

म्हणून मॅडमनी काय करून घेतलं, तर एक जण पेशंट, एक सिस्टर, पेशंटनं सगळं कमी करून सांगायचं आणि सिस्टरनं खोदून न विचारता खरं काढायचं. ‘दुखतंय का’ विचारलं तर उत्तर ‘नाही’ येतं. ‘शून्य ते दहामधे किती’ विचारलं तर आकडा येतो. ‘काल रात्री झोप किती वेळा मोडली’, ‘बाथरूमपर्यंत चालत गेलात का’ असं विचारलं तर आणखी कळतं. आणि पेशंट काही पण म्हणला तरी चार्ट भरायचा, श्वास, ऑक्सिजन, बीपी, नाडी, ताप, शुद्ध, तिकडं न्यूज-२ चा स्कोअर असतो, आकडा वाढला की वर कळवायचं, पेशंट हसत होता म्हणून थांबायचं नाही.

हसत होता वरून आठवलं, विनोदाचा तास. म्हातारे पेशंट पडझडीवर, आजारावर, मरणावर पण चेष्टा करतात, चेहरा एकदम सरळ ठेवून. बाथरूममधे पडलेल्या आजींना काय झालं विचारलं तर म्हणतात, फरशी नीट बसवलीय का बघत होते. नव्या मुलीला कळत नाही हसावं का घाबरावं. मॅडम म्हणल्या, दोन्ही करा, आधी हसा, मग डोक्याला मार लागलाय का बघा. हसला नाहीत तर आजींना लाज वाटती, आणि नुसतंच हसलात तर मार राहून जातो. तेव्हा बीडची एक मुलगी म्हणली की आमचे आजोबा पण असेच, कसं आहे विचारलं की म्हणायचे यमाला अजून आमच्या गल्लीचा पत्ता सापडेना. सगळा वर्ग हसला, पण खरंय ते. नाथांच्या पैठणपासून तासाभराच्या अंतरावर बसून आपल्याला हे परकं वाटायचं कारणच नाही, भारुडात पण वरवर बोलणं एक असतं, आतलं दुसरंच, आणि ऐकणारा हसता हसता गप्प होतो. मला ह्या तासानं लई धीर आला. त्यांचा विनोद आपल्याला कळणार नाही अशी जी भीती होती ती गेली.

एक जपायचं सांगितलं, चेष्टा ते स्वतःची करतात, आपण त्यात भर घालायची नाही. आजी म्हणल्या मी म्हातारी खुळी झाले तर ‘हो’ म्हणायचं नाही, एवढं कळलं तरी बास.

आणि हँडओव्हरला, म्हणजे पाळी बदलताना पेशंटची माहिती देताना, मात्र आडपडदा नाही. हे मॅडमनी इतक्या वेळा सांगितलं की वहीत तीन ठिकाणी लिहिलेलं निघालं. पेशंटचा संकोच सांभाळा, स्वतःचा दाराबाहेर ठेवा. डॉक्टरला ‘जरा बघता का’ असं नाही, एसबारनं सांगा, काय चाललंय, आधी काय होतं, मला काय दिसलं, मला काय पाहिजे. पहिल्या दिवशी प्रत्येकाला आपलं नाव सांगा. ह्याला पण मागं गोष्ट आहे, केट ग्रेंजर नावाच्या डॉक्टर बाईंना स्वतःला कॅन्सर झाला, दवाखान्यात उपचार करणारे कित्येक जण आपलं नाव पण सांगत नाहीत हे त्यांना पेशंट म्हणून खाटेवर पडल्यावर दिसलं, आणि २०१३ मधे त्यांनी ‘हॅलो माय नेम इज’ ही मोहीम सुरू केली. २०१६ मधे त्या गेल्या, पण मोहीम चालू राहिली. संकोची लोकांच्या देशात सुद्धा खाटेवरच्या माणसाला नाव ऐकायचं असतं. हा सराव मॅडमनी आमच्याकडून आवाज मोकळा होईपर्यंत करून घेतला.

आता खटकलेलं लिहिते, कारण पैसे आपल्या घामाचे आहेत.

रविवारची बॅच दुसरे एक सर घेतात आणि तिथं हा क्लास घसरतो. सरांचं म्हणणं, तिकडं जितकं कमी बोलाल तितकं चांगलं, कुणाला काही विचारू नका, चुकलं तर दहा वेळा सॉरी म्हणा, विषय संपला. आयटीच्या पोरांना चालत असेल, सिस्टरला हे धोक्याचं आहे. नवीन मुलगी आधीच घाबरलेली, त्यात कमी बोला म्हणून सांगितलं तर ती डोस चुकीचा लिहिलेला दिसला तरी तोंड उघडणार नाही. मॅडम जे दीड महिना शिकवतात त्याच्या बरोब्बर उलटं हे. शिवाय सर तिकडच्या लोकांच्या बोलण्याची नक्कल करून पोरांना हसवतात, ते मला आवडलं नाही. ज्या माणसांची सेवा करायला आपण चाललोय त्यांची टिंगल करून निघायचं नसतं. मी ऑफिसमधे हे बोलून आलेय, बघू म्हणलेत.

दुसरं, व्हिडिओ सगळे लंडनचे. आपल्या बहुतेक मुली लंडनला जातच नाहीत, लीड्स, बर्मिंगहॅम, ग्लासगो, वेल्सच्या छोट्या गावांत जातात, आणि लंडनच्या बाहेर बसमधून उतरताना लोक ड्रायव्हरला थँक्यू म्हणतात, दुकानात बाई ‘लव्ह’ म्हणून हाक मारती, लोक तेवढे गप्प नसतात. हे मॅडम तोंडी सांगतात पण व्हिडिओत काहीच नाही. तिथले उच्चार कानावर पडायला पाहिजेत. मैत्रीण म्हणती पहिला महिना तिला पेशंटचा संकोच नाही, त्यांचा उच्चारच कळत नव्हता.

तिसरं, नोट्स. झेरॉक्सवर झेरॉक्स मारलेल्या, निम्मं पान काळं, साडेसहा हजारात एवढं तरी नीट द्यावं. आणि नर्सिंग, एमबीए, आयटी सगळे एकाच बॅचमधे भरतात, त्यामुळं आपल्या कामाचे रोल प्ले वाट्याला कमी येतात. आम्ही काही जणींनी मिळून मॅडमना म्हणलं की शेवटचे दोन तास फक्त वॉर्डाचे घ्या, त्यांनी लगेच घेतले, वेगळे पैसे न घेता. म्हणून म्हणते, नर्सिंगच्या मैत्रिणी मिळून जा.

रेटिंग द्यायचं तर मॅडमच्या बॅचला पाचपैकी साडेचार, सरांच्या बॅचला दोन. व्हिसा हातात यायच्या आधीच करा, नंतर खरेदी आणि पाहुणेरावळ्यांत वेळ मिळत नाही. प्रवेश घेताना काउंटरवर बॅच शनिवारची का रविवारची हे पावतीवर लिहून घ्या, तोंडी सांगितलेलं नंतर बदलतं. बसायला जागा ठीक आहे, पंखे चालू असतात, पाणी प्यायचं स्वतःचं न्या, आणि गाडी रस्त्यावर लावू नका, मागच्या गल्लीत जागा असती.